भाषा चुकली म्हणजे माणूस चुकला का?



एरवी मी तुमच्याशी पेरणी, खत, बोंडअळी नाहीतर मोसंबीची फळगळ यांविषयी बोलतो. आजचा विषय निराळा आहे. पुढाऱ्याने, सरपंचाने, सभेत उभ्या राहणाऱ्या कोणाही माणसाने कसे बोलावे आणि त्याचे व्याकरण किंवा इंग्रजी उच्चार चुकला तर आपण काय करावे, हा तो विषय. हा तर शहरातल्या शिकलेल्यांचा प्रश्न, आपला काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. संबंध आहे. तो कसा, हे आधी एका ग्रामसभेच्या हकिकतीवरून सांगतो.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत आपल्या जालना जिल्ह्यातल्या एका गावी ग्रामसभेला गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण असे गाव एकच नाही. सरपंचपदी एक बाई निवडून आल्या होत्या. वय पन्नाशीच्या आत, शिक्षण चौथीपर्यंत, घरची कोरडवाहू शेती, आणि जन्म गेला पाणी वाहण्यात. विषय निघाला पाणीयोजनेच्या विहिरीचा. गावाला दोन विहिरी. एक वर, पाझर तलावाच्या खालच्या अंगाला. दुसरी खाली, गावाजवळ. खालच्या विहिरीला पाइप कमी लागतो, म्हणून खर्चाचा अंदाज तिचाच तयार झाला होता. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "खालच्या हिरीला फागुनात पानी ऱ्हात न्हाई. इष्टुमेट वरच्या हिरीचं करा."

‘इष्टुमेट’ हा शब्द ऐकला मात्र, मागे बसलेली पोरे फिस्सकन हसली. एकाने तो शब्द मोठ्याने पुन्हा म्हटला. सभा हसली. मीही जरासा हसलो, हे लपवत नाही. बाई खाली बसल्या. कोणीतरी मोबाइलवर ते टिपले होते. संध्याकाळपर्यंत ते गावभर आणि पावण्यारावळ्यांच्या गावीही फिरले.

पुढच्या सभांना बाई आल्या, पण बोलल्या नाहीत. कागद दुसऱ्यांनी वाचला, बाईंनी सही केली. मोटार खालच्या विहिरीवर बसली. फाल्गुनात विहिरीने तळ गाठला आणि चैत्रात टँकर सुरू झाला. गावाला ‘इष्टुमेट’ ऐकू आले, ‘फागुन’ ऐकू आला नाही. त्या हसण्याची किंमत त्याच गावच्या बायांनी डोक्यावर हंडे घेऊन चुकती केली.

म्हणून हा विषय मांडतो आहे.

जोतीरावांचे व्याकरण

बोलण्यातली किंवा लिहिण्यातली चूक धरून माणसाचे म्हणणेच बाजूला सारायचे, ही रीत आजची नाही. महाराष्ट्रातले तिचे सर्वांत ठळक उदाहरण शेतकऱ्याच्याच कैवाऱ्याचे आहे. महात्मा जोतीराव फुले यांचे.

विष्णुशास्त्री चिपळूणकर हे त्या काळचे नामांकित मराठी लेखक. १८७४ साली त्यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. मराठी गद्याला त्यांनी डौल दिला, हे मान्यच करावे लागेल. पण याच ‘निबंधमाले’त त्यांनी जोतीरावांच्या लिखाणाची टर उडवली. त्यांच्या व्याकरणावर आणि शुद्धलेखनावर बोट ठेवून हसे केले. ज्याला धड लिहिता येत नाही त्याने मोठमोठ्या विषयांवर बोलूच नये, असा एकंदर सूर होता.

आता जोतीराव अडाणी होते का? मुळीच नाही. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले होते. १८८२ साली सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले, ते इंग्रजीत होते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी त्यात होती. शिक्षक असे नेमा की ज्यांना नांगराचा रुमणा हातात धरायची लाज वाटणार नाही, असेही त्यात सुचवले होते. इंग्रजी येणारा हा माणूस मराठीत मात्र शेतकऱ्याला, माळ्याला, कुणब्याला समजेल अशा बोलीत लिहीत होता. ती भाषा पंडितांना खडबडीत वाटली, पण ती त्यांच्यासाठी लिहिलेलीच नव्हती.

१८८३ साली जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला. त्यात काय आहे पाहा. पावसाचे पाणी शेतातच मुरेल अशा बेताने जागोजाग ताली आणि बंधारे घाला. तळ्यांतला गाळ शेतकऱ्याला नेऊ द्या. चांगल्या जातीची शेळ्यामेंढ्यांची पैदास करा. शेतीची प्रदर्शने भरवून चांगल्या शेतकऱ्यांना बक्षिसे द्या. शेतकऱ्याच्या मुलाला शेतीचे शास्त्र शिकवा.

वाचकहो, माझी उभी नोकरी याच कामांत गेली. कृषी प्रदर्शन, पाणलोट, बांधबंदिस्ती. जलयुक्त शिवार योजना आली २०१४ च्या अखेरीस. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आली २०१७ साली. आपल्या जालना तालुक्यातल्या कडवंची गावाने १९९० च्या दशकात पाणलोटाचे काम हाती घेतले, पाणी अडवले, मुरवले, पुढे शेततळी केली आणि कोरडवाहू रानात द्राक्षाच्या बागा उभ्या केल्या. लोक लांबून ते गाव बघायला येतात. पाणी शेतात मुरवा, हे जोतीराव १८८३ सालीच सांगून गेले होते. त्या वेळी भल्याभल्यांचे लक्ष त्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाकडे होते.

व्याकरणाची चूक शाईने दुरुस्त होते. न ऐकलेली गोष्ट दुरुस्त व्हायला मात्र शंभर वर्षेही पुरत नाहीत.

काल उर्दू, आज इंग्रजी

आपल्या मराठवाड्याला या गोष्टीचा आणखी एक अनुभव आहे. तो घरातल्या जुन्या माणसांकडून तुम्ही ऐकला असेल.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. दरबाराची, कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झाले तेच उर्दू माध्यमातून. माझे आजोबा सांगत की, अर्ज घेऊन तहसिलीत गेले की आधी उर्दू जाणणारा माणूस गाठावा लागे. मराठीत कितीही खरे बोला, त्याला वजन नाही. उर्दूत दोन शब्द अदबीने टाकता आले की काम पुढे सरके. म्हणजे त्या काळी ‘शहाणा’ दिसण्यासाठी उर्दूचे उच्चार नीट यावे लागत.

मग संस्थान गेले. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. मराठी राजभाषा झाली. उर्दूचा तो दबदबा गेला आणि त्या जागी हळूहळू इंग्रजी येऊन बसली. आता पुढारी इंग्रजीत चार वाक्ये बोलला की लोक म्हणतात, माणूस हुशार आहे. अडखळला की म्हणतात, हा दिल्लीत काय दिवे लावणार!

यावरून काय दिसते? ‘शुद्ध’ आणि ‘भारदस्त’ भाषा कोणती, हे भाषेच्या गुणावर ठरत नाही. ज्याच्या हाती कचेरी, त्याची भाषा भारदस्त. आणि गंमत अशी की, कालची परकी भाषा आज आपल्या तोंडात साखरेसारखी विरघळली आहे. तालुका, तहसील, अर्ज, नक्कल हे शब्द फारसी-अरबीतून आले. इतकेच काय, खरीप आणि रब्बी हेही मूळचे अरबी. पंप, मोटार, पाइप, ट्रॅक्टर इंग्रजीतून आले. मुळात त्यांचे उच्चार निराळे होते. आपण ते आपल्या जिभेला बेतून घेतले. तेव्हा ‘इष्टुमेट’ म्हणणाऱ्या बाईला हसण्याआधी आपण रोज ‘खरीप’ कसे म्हणतो याचाही विचार करावा. अरबाने ऐकले तर तोही हसेल.

माझा स्वतःचा फजितीचा प्रसंग

दुसऱ्याचे सांगतो तसे स्वतःचेही सांगितले पाहिजे. मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून इंग्रजी महाराष्ट्रात आले २००० साली. बारावीनंतर शेतकी महाविद्यालयात बी. एस्सी.ला गेलो तर सगळी पुस्तके इंग्रजी.

दुसऱ्या वर्षी वर्गात उभे राहून फवारणीच्या साधनांवर बोलायचे होते. पाठीवरच्या पंपाला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याच्या सुरुवातीला ‘के’ हे अक्षर लिहितात पण उच्चारत नाहीत. ‘नॅपसॅक’ म्हणायचे. मला ते कोण सांगणार? मी छातीठोकपणे ‘कनॅपसॅक’ म्हणालो. वर्ग हसला. शिकवणारेही हसले आणि त्यांनी तो शब्द माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला. पुढे काय बोललो ते मला आठवत नाही. कपाशीवर फवारताना वाऱ्याच्या दिशेने कसे चालावे, नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नये, वायसर गेला तर दाब का बसत नाही, हे सगळे मला येत होते. आठवीत असल्यापासून तो पंप माझ्या पाठीवर होता. हसणाऱ्यांपैकी कितीजणांनी तो कधी उचलला असेल, देव जाणे. पण त्यानंतर शिक्षण संपेपर्यंत मी वर्गात आपण होऊन एकही प्रश्न विचारला नाही.

हे नुकसान मोठे आहे. न विचारलेला प्रश्न म्हणजे न झालेले शिक्षण. नोकरीला लागल्यावर पाहिले की शेतकऱ्याचेही तसेच होते. बँकेत, कृषी सेवा केंद्रात, दवाखान्यात समोरचा इंग्रजी शब्द फेकतो, आणि आपला माणूस ‘समजलं, समजलं’ म्हणून बाहेर येतो. समजलेले काहीच नसते. विचारायची लाज वाटते. मी मेळाव्यात आता पहिल्यांदा ही ‘कनॅपसॅक’ची गोष्ट सांगतो. लोक पोटभर हसतात, आणि मग प्रश्न विचारू लागतात.

मग शुद्ध म्हणजे काय?

शाळेत शिकवतात ते प्रमाण मराठी. लिहिण्यात एकवाक्यता असावी म्हणून मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे नियम केले. १९६२ साली चौदा नियम झाले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. पूर्वी अनेक शब्दांवर न उच्चारले जाणारे अनुस्वार द्यावे लागत. ते या नियमांनी गेले. म्हणजे माझ्या वडिलांच्या वेळी जे न लिहिणे अशुद्ध होते, तेच माझ्या वेळी लिहिणे अशुद्ध झाले! नियम माणसांनी सोयीसाठी केले आणि सोयीसाठीच बदलले. ते पाळावेत, मुलांना शिकवावेत. पण त्यांना माणसाची अक्कल मोजायचे माप करू नये.

आणि आपली बोली? ‘मपलं-तुपलं’ म्हटले, ‘काहून’ म्हटले, पाण्याला ‘पानी’ म्हटले की शहरातला माणूस गालात हसतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तो मागताना जे जुने पुरावे मांडले गेले, त्यांत ‘गाथासप्तशती’ आणि ‘लीळाचरित्र’ यांची नावे आहेत. ‘गाथासप्तशती’ सातवाहन राजा हालाच्या नावाशी जोडलेली, आणि सातवाहनांची राजधानी पैठण. अंबड तालुक्यातून निघालात तर पैठण काही दूर नाही. ज्या गोदाकाठावर ही भाषा वाढली, तिथल्याच माणसांना तुमची भाषा अशुद्ध म्हणून सांगायचे, हा न्याय उलटा आहे.

महानुभाव पंथातली एक हकिकत सांगण्यासारखी आहे. चक्रधरस्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडे केशोबास नावाचे विद्वान संस्कृतात ग्रंथ लिहायचा मानस घेऊन गेले. नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले. संस्कृतात लिहिलेत तर माझ्या या म्हाताऱ्या बाया वंचित राहतील, असे त्यांचे म्हणणे. पुढे पैठणच्या एकनाथ महाराजांनी भागवतावरचा ग्रंथ मराठीत रचला, तो १५७३ साली काशीत पुरा केला. त्यांनीच भारुडे लिहिली ती रस्त्यावरच्या माणसाच्या बोलीत. मोठ्या माणसांनी भाषा निवडली ती ऐकणाऱ्याकडे पाहून.

हा रोग आपल्याकडेच आहे असेही नाही. खुद्द इंग्रजांच्या देशात बीबीसी रेडिओवर एका ठराविक घरंदाज उच्चाराचीच माणसे बातम्या वाचत. १९४१ साली, महायुद्ध चालू असताना, यॉर्कशायरकडच्या विल्फ्रेड पिकल्स यांना बातम्या वाचायला दिले. त्यांचा उच्चार उत्तरेकडचा, कामकरी माणसांचा. श्रोत्यांनी तक्रारी केल्या. बातमी तीच, पण या आवाजात ती खरी वाटत नाही म्हणाले! जिथे साहेबाचेच इंग्रजी साहेबाला चालत नाही, तिथे आपण आपल्या उच्चाराची किती लाज बाळगायची?

थोरांची कामे पाहा

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतही गेले नाही. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि खेड्यापाड्यांतली लाखो मुले शिकली. गाडगेबाबा शाळेत गेले नाहीत. त्यांचे कीर्तन वऱ्हाडी बोलीत चाले, आणि आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. खानदेशच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून त्यांचे नाव आहे. वसंतदादा पाटील यांचे शालेय शिक्षण फारसे झाले नव्हते. ते मुख्यमंत्री झाले, आणि १९८३ मध्ये त्यांच्याच काळात विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली. तिकडे मद्रास राज्यात कामराज शाळा अर्धवट सोडलेले. १९५४ ते १९६३ ते मुख्यमंत्री होते आणि शाळेतल्या मुलांना दुपारचे जेवण देण्याची योजना त्यांनी राज्यभर नेली. आपल्या जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला तो बियाण्यातल्या कामासाठी, इंग्रजी उच्चारांसाठी नव्हे.

घटना करणाऱ्यांनी हे ओळखले होते. १९५१ च्या जनगणनेत देशात साक्षर लोक शंभरात सुमारे अठरा. तरीही मत देण्यास किंवा निवडून येण्यास शिक्षणाची अट घातली नाही. ज्या सभासदाला हिंदी-इंग्रजीत नीट मांडता येत नाही, त्याला अध्यक्षांच्या परवानगीने संसदेत मातृभाषेत बोलता येते. घटनेच्या १२० व्या कलमात तशी तरतूद आहे.

पण इथे एक इशाराही देऊन ठेवतो. गावरान बोलणारा प्रत्येक पुढारी आपला हितकर्ता असतो, असेही समजू नका. काहीजण टाळ्या मिळवण्यासाठी मुद्दाम रांगडे बोलतात. शिवी हासडली म्हणजे माणूस खरा, असे नसते. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा! इंग्रजीने दिपू नका, तसे रांगडेपणानेही भुलू नका. बोलणारा कोणीही असो, तीन गोष्टी पाहा. तो सांगतो ते खरे आहे का? आकडा आणि तारीख सांगतो का? मागच्या वेळी सांगितलेले केले का? चौथी गोष्ट पाहायची गरज नाही.

चूक कुठे महाग पडते

मग काहीही बोला, कसेही लिहा, असे मी म्हणतो का? नाही. काही ठिकाणी चूक चालत नाही, आणि नेमके तिथेच आपण ढिले असतो.

पहिली जागा म्हणजे औषधाचे माप. दहा लिटर पाण्याला पाच मिलिलिटर आणि एका लिटरला पाच मिलिलिटर यांत दहापटीचा फरक आहे. औषधाच्या नावाचा उच्चार चुकला तर पिकाचे काही बिघडत नाही, माप चुकले तर पीकही जाते आणि माणूसही. डब्यावरची माहिती प्रादेशिक भाषेतही छापण्याचा नियम आहे. ती बारीक अक्षरात असते, मुलाकडून वाचून घ्या. वाचता आले नाही तरी रंगाची खूण पाहा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजेही निर्धोक नव्हे.

दुसरी जागा म्हणजे तुमचे नाव. आधारवर इंग्रजीत एक स्पेलिंग, बँकेत दुसरे, सातबारावर मराठीत तिसरेच, अशी गत अनेकांची आहे. २०१९ पासून पीएम किसानचे हप्ते मिळू लागले, तेव्हा नावातल्या अशा फरकाने कितीतरी शेतकऱ्यांचे पैसे अडकल्याचे मी स्वतः पाहिले. इथे शुद्धलेखन पोटाशी जोडलेले आहे. घरातल्या प्रत्येकाच्या नावाचे एकच स्पेलिंग ठरवा, वहीत लिहून ठेवा, आणि शाळेच्या दाखल्यापासून तेच चालवा.

तिसरी जागा म्हणजे ठराव, करार, कर्जाचा कागद. ज्या भाषेतला कागद समजत नाही, त्यावर समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. ‘मला हे मराठीत सांगा’ म्हणण्यात कमीपणा नाही. १९६४ च्या कायद्याने मराठी ही या राज्याची राजभाषा आहे. शेतीची अडचण असेल तर २००४ पासून चालू असलेल्या किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत, आणि तिथे मराठीतच विचारायचे असते. ‘बोंडआळी’ म्हणा नाहीतर ‘बोंडअळी’, त्यांना कळते.

घरात एवढे करा

मुलांना इंग्रजी जरूर शिकवा. चांगले शिकवा. आज शेतीचे नवे ज्ञान, निर्यातीचे नियम, यंत्राची माहितीपत्रके इंग्रजीत आहेत. इंग्रजी हे अवजार आहे. पाभर चालवता येते म्हणून कोणी कुळवाला नावे ठेवत नाही. प्रमाण मराठी, आपली बोली आणि इंग्रजी ही तीन अवजारे घरात असू द्या. ज्या कामाला जे लागेल ते काढावे.

पण शिकलेला मुलगा आईच्या बोलण्याला हसला तर त्याला तिथेच थांबवा. तिच्या ‘हिरी’च्या पाण्यावर तो वाढला आहे. लहान मूल इंग्रजी चुकीचे बोलले तर चारचौघांत हसू नका. नंतर जवळ घेऊन बरोबर शब्द सांगा. सभेत कोणाचा शब्द चुकला तर पुरते ऐकून घ्या. आणि तसे मोबाइलवर आले तर पुढे पाठवू नका.

त्या गावचे शेवटी काय झाले ते सांगून थांबतो. टँकरच्या वर्षानंतरच्या ग्रामसभेलाही मी होतो. पाण्याचा विषय निघाला तेव्हा बाई मान खाली घालूनच बसल्या होत्या. एक म्हातारे बाबा उठले आणि म्हणाले, "सरपंचबाई, मागं तुम्ही काय म्हन्ल्या व्हत्या ते पुन्यांदा सांगा. आन् भाऊसाहेब, तुम्ही लिहून घ्या." बाईंनी तेच वाक्य पुन्हा सांगितले, ‘इष्टुमेट’सकट. या वेळी कोणी हसले नाही. ग्रामसेवकाने इतिवृत्तात लिहिताना शब्द शुद्ध करून लिहिला, ते त्याचे कामच होते. वरच्या विहिरीचा ठराव झाला आणि पाइपही पडला.

तुमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत अशी एखादी बाई किंवा बापडा उभा राहील. त्याचे बोलणे पुरते ऐकून घ्या, आणि ग्रामसेवकाला ते लिहून घ्यायला सांगा.